हे खरे आहे काय?

मुंबईत कुणालाही सांगितलं की आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यातलं, की समोरच्याचा चेहरा फुलतो आणि तो लगेच "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" म्हणून दाखवतो. २०२२ च्या जूनपासून हे सुरूय. आमच्या तेव्हाच्या आमदारसाहेबांचा, शहाजीबापू पाटलांचा, गुवाहाटीतला तो फोन अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला आणि सांगोल्याला एकदम ग्लॅमर आलं. मी पण हसतो, काय करणार, डायलॉग आहेच तसा आणि आमच्याकडे बोलतातही तसंच. पण त्याच्या आधी, म्हणजे मी फोर्टात वकिलीला नवीन नवीन आलो तेव्हा, सांगोला म्हटलं की कोर्टातले वयस्कर वकील हातातली फाईल खाली ठेवून विचारायचे, "गणपतरावांचं सांगोला का?" आणि मग चहा पाजायचे. फुकटचा मान, पण मी घेतला.

आता परवाचं सांगतो. ३० जुलैला गणपतराव देशमुखांची, म्हणजे आमच्या आबांची पुण्यतिथी असते (२०२१ ला गेले, सोलापुरात) आणि दरवर्षी त्या आठवड्यात एक फॉरवर्ड फिरतो. एसटीने फिरणारा आमदार, एकच पक्ष, एकच मतदारसंघ, ११ वेळा निवडून, जागतिक विक्रम, असा माणूस पुन्हा होणे नाही, खाली हात जोडलेले इमोजी. माझ्या ज्युनिअरने मला तो पाठवला. लातूरकडचा पोरगा आहे, हुशार आहे, रील्स जरा जास्त बघतो आणि त्याला आमदार व्हायचंय, हे तो लपवत नाही. खाली त्याने लिहिलं होतं, "सर एसटीने फिरून आमदार होता येत असेल तर मी आजपासून उबर बंद करतो."

हसलो मी. पण मग दिवसभर ते डोक्यात राहिलं. कारण त्या पोराचं चुकलं नाही, फॉरवर्डमध्ये दुसरं काही नव्हतंच. मला या साधेपणाच्या कौतुकाचा खरंच कंटाळा आलाय. माणूस पन्नासएक वर्षं विधानसभेत होता आणि आपण सांगतो काय, तर तो बसमधून जायचा. म्हणजे एखाद्या सर्जनबद्दल सांगावं की तो चप्पल फार साधी घालायचा. अहो पण ऑपरेशन कसं करायचा?

विक्रमाचंही तसंच. माझ्या ऑफिसच्या मजल्यावर एक मल्याळी वकील बसतात, त्यांना मी मोठ्या तोऱ्यात हे अकरा वेळांचं सांगितलं तर ते म्हणाले आमच्या पालाचे के. एम. माणी तेरा वेळा, एकाच मतदारसंघातून, १९६५ पासून २०१९ ला मरेपर्यंत तिथे एकदाही पडले नाहीत, आणि हो, ते पण वकीलच. करुणानिधी पण तेरा वेळा, पण त्यांनी मतदारसंघ बदलले. तेव्हा जागतिक विक्रम वगैरे राहू द्या. महाराष्ट्रात मात्र आबांच्या आसपास कुणी नाही, एवढं पुरे की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ॲडव्होकेट गणपतराव देशमुख, सांगोल्यातले वकील, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, निशाणी खटारा, म्हणजे बैलगाडी. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, ६७ ला परत, १९७२ ला पडले, ७४ ला पोटनिवडणुकीत पुन्हा आले, मग ७८, ८०, ८५, ९०. १९९५ ला पडले (यावर शेवटी येतो, आमच्या घरात त्याचा वेगळा इतिहास आहे). ९९, २००४, २००९, २०१४. मोजा, अकरा होतात. २०१९ ला वय झालं म्हणून उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. आबा दोनदा मंत्री झाले, १९७८ ला आणि १९९९ ला, बाकी सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. आणि विरोधी बाक म्हणजे तरी केवढा, २०१४ ला २८८ आमदारांत शेकापचे तीन. तीन! रिक्षात बसतील एवढे.

तर माझा मुद्दा असा की हा माणूस विधानसभेत जाऊनही तालुक्याचा वकीलच राहिला, आणि त्याचं सगळं यश आणि अपयश सुद्धा त्यातच आहे. हे मी छातीठोक का म्हणतो, तर मी ती वकिली तीन वर्षं केलीय. मी कुर्ल्यात नेहरूनगरला वाढलो, एलएलबी झालो, मुंबईत कुणी चेंबरमध्ये उभं करेना, तर आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले जा गावाकडं, तिथं शिकशील. गेलो. सांगोल्याच्या कोर्टात एका जुन्या वकिलांकडे ज्युनिअर लागलो. (आबा तेव्हा आमदार होते. लग्नाच्या पंगतीत लांबून दिसायचे, दोनदा नमस्कार केलाय, बोललो कधीच नाही. आता वाटतं बोलायला हवं होतं, पण काय बोलणार होतो तेही कळत नाही.)

तालुक्याची वकिली मुंबईतल्या लोकांना सांगून कळत नाही. इथे वकील म्हणजे ॲग्रिमेंट, नोटीस, मेल, कॉन्फरन्स. तिथे वकील म्हणजे ओटा. सांगोल्याचा बाजार रविवारचा, जनावरांचा मोठा बाजार भरतो, खिलार बैल बघायला लांबून लोक येतात. कोर्टाला रविवारी सुट्टी, पण आमच्या सिनिअरच्या ओट्यावर गर्दी त्याच दिवशी, कारण पक्षकार बाजाराला आलेला असतो, जाताजाता आपल्या दाव्याचं काय झालं विचारून जातो. फी कधी पैशात, कधी ज्वारीचं पोतं, कधी डाळिंबाची पेटी, कधी "पुढच्या मुदतीला बघू".

एक बाई यायची. पहिल्यांदा आली तेव्हा तासभर दिराबद्दल बोलली, दीर कसा पितो, जावेने लग्नात कसं मानपान केलं नाही, सासऱ्याने मरताना काय सांगितलं होतं. मी नवीन, सगळं लिहून घेत होतो, चार पानं भरली. सिनिअरनी माझी पानं बाजूला ठेवली आणि तिला एकच विचारलं, "बाई, तुम्हाला रानात जायला वाट कुठून हाय?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "तीच तर आडवलीया की." झालं. मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५, तहसीलदारांपुढे वहिवाटीचा रस्ता खुला करून मागायचा अर्ज. एक पान. सिनिअर मला नंतर एवढंच म्हणाले, पक्षकार काय बोलतोय ते लिहू नको, त्याला काय पाहिजे ते लिही.

हे एक कसब आहे आणि हे कुठल्याही लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. तासभराच्या कळवळ्यातून एक मागणी बाहेर काढायची, ती कुठल्या कलमात बसते ते शोधायचं, कुठल्या टेबलापुढे ती मांडायची ते ठरवायचं आणि मग तारखांना जात राहायचं. वर्षानुवर्षं. न कंटाळता. समोरचा तहकुबी मागतो, साहेबांची बदली होते, फाईल गहाळ होते, मूळ पक्षकार मरतो, वारस दाखल करायचे, पुन्हा सुरू.

आबा वकिलीला लागले तो काळ डोळ्यासमोर आणा. कूळकायदा नवा नवा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक झाला असं मानायचं. कागदावर. प्रत्यक्षात नोटीस कुणाला आली, वाचली कुणी, ३२ ग ची चौकशी म्हणजे काय, सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय, हे गावात कळणार कुणाला? ज्याला कागद वाचता येतो त्याला. म्हणून त्या पिढीत तालुक्यातालुक्यातून वकील आमदार झाले. लोकांचा सरकारशी सगळा संबंध कागदाचा होता, आणि कागद वाचणारा माणूस एकच होता. शेकापमध्ये तर वकिलांची रांगच होती, अलिबागला दत्ता पाटील, पनवेलला दि. बा. पाटील. दिबांचं तर आपल्या मुंबईकरांना रोजचं देणं आहे, नवी मुंबईच्या ज्या जमिनीवर लोक टू बीएचके घेऊन बसलेत त्या जमिनीखालचा शेतकरी १९८४ ला जासईला रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातून पुढे तो साडेबारा टक्क्यांचा हिशेब उभा राहिला, संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड. मोर्चा सगळ्यांना दिसतो. मला त्यातला साडेबारा हा आकडा दिसतो. मोर्चाचं रूपांतर आकड्यात करणं ही वकिली आहे.

बरं, आता विधानभवनात या. मी एकदाच गेलोय प्रेक्षक गॅलरीत, पास काढून, गेटवर मोबाईल-बॅग जमा करून. प्रश्नोत्तराचा तास होता. आबा त्या दिवशी बोलले नाहीत, त्यामुळे तो किस्सा माझ्याकडे नाही, पण मला दुसरंच काहीतरी सापडलं. तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, छापील यादी. बाहेर एका ओळखीच्या पत्रकाराकडे होती, त्याने चाळायला दिली. ती यादी वाचली आणि मला कोर्टातच बसल्यासारखं वाटलं.

प्रत्येक प्रश्नाचा साचा ठरलेला. (१) अमुक तालुक्यातील तमुक पाझर तलावाचे काम रखडलेले आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीनुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरं पण ठरलेली. होय. अंशतः खरे आहे. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

अहो हा तर आमचा दावा आणि कैफियत! आम्ही पण असंच कलमवार लिहितो आणि समोरचा वकील म्हणणं देतो, "कलम ३ मधील मजकूर खरा नसून तो मान्य व कबूल नाही." सगळी गंमत मांडणीत असते. सैल लिहिलं की समोरचा "हे खरे नाही" म्हणून निसटतो. दोन गोष्टी एका वाक्यात घातल्या की "अंशतः खरे आहे", आणि कुठला अंश ते तो सांगत नाही. तारीख चुकली, गटनंबर चुकला, की संपलं, सगळ्या पोटप्रश्नांना "प्रश्न उद्भवत नाही". म्हणजे पाझर तलाव फुटलेला आहे, लोक डोळ्याने बघतायत, पण कागदावर प्रश्न उद्भवत नाही!

आणि जो नीट लिहितो त्याला मंत्री "होय" म्हणतो. मग सभागृहात उभं राहून उपप्रश्न, आणि मंत्र्याच्या तोंडून एखादं आश्वासन निघालं तर ते सोडायचं नाही, कारण त्यासाठी वेगळी आश्वासन समिती असते, पाठपुरावा करता येतो. लक्षवेधी आहे, कपात सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, औचित्याचा मुद्दा आहे. ही सगळी हत्यारं आहेत आणि ती चालवायला बहुमत लागत नाही, नियमांचं पुस्तक पाठ लागतं. तीन आमदारांचा पक्ष जगतो तो यावर. टीव्हीवर वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत, उतरून कागद फाडणारे दिसतात, पण कागद फाडणारा आणि कागद लिहिणारा यात तालुका कुणाचा सुटतो ते तुम्हीच बघा.

आता सगळ्यात मोठा दावा, पाणी. सांगोला म्हणजे माणदेश, पावसाचं प्रमाण वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि मुंबईत तेवढा पाऊस एखाद्या जुलैच्या आठवड्यात पडतो आणि आपण वैतागतो. माणगंगा नाव गंगा, वर्षातले बरेच महिने वाळू. लोकांना वाटतं दुष्काळ म्हणजे पाऊस नाही. वकिलाला विचारा, तो सांगेल दुष्काळ म्हणजे वाटपाचा दावा. कृष्णेच्या पाण्याचा लवाद बसला, बच्छावत लवाद, त्याने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं आणि पुन्हा विचार ३१ मे २००० नंतर असं ठेवलं. म्हणजे तोपर्यंत आपल्या वाटचं पाणी अडवा, वापरा. हातात हुकूमनामा आहे पण दरखास्त, म्हणजे त्याची अंमलबजावणी, करायला पैसे नाहीत, अशी आपली अवस्था. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं ते त्या घाईत.

पण हुकूमनामा राज्याला मिळाला म्हणून सांगोल्याला मिळत नाही. कृष्णा वाहते कराड-सांगलीकडून, ऊसवाल्यांच्या दारातून, आणि आम्ही मधल्या उंच माळाच्या पलीकडे. पाणी उचलून आणायचं तर पंप, वीज, कालवे, बोगदे. टेंभू योजना ती हीच, कराडजवळ टेंभूला पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत. त्यासाठी आटपाडीला दरवर्षी पाणी परिषद भरायची, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी, आबा, भारत पाटणकर, तेरा दुष्काळी तालुक्यातले लोक. दरवर्षी तेच ठराव. माझे एक मामा जायचे, ते परत आले की मामी विचारायची, "आलं का पाणी?" मामा म्हणायचे, "तारीख पडली."

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. आमच्या तालुक्यात पाण्याबद्दल असंच बोलायचे. आणि वकिलाच्या स्वभावाचा तोटाही इथेच दिसतो. तारखांवर विश्वास ठेवणारा माणूस तारखा मोजत राहतो. आबा सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी दहा वर्षं आधी आलं असतं का, हा प्रश्न आमच्याकडे पारावर अजून रंगतो आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे असतात. मला विचाराल तर, बहुतेक हो. ज्यांनी पक्ष बदलले त्यांच्या तालुक्यात साखर कारखाने आले, रस्ते लवकर आले. हे नाकारून चालणार नाही. आबांच्या तालुक्यात सूतगिरणी आली, सहकारी, आणि नुसती आली नाही तर चालली, जे महाराष्ट्रातल्या सूतगिरण्यांबाबत फार कमी वेळा म्हणता येतं. पण पाण्याला उशीर झाला तो झालाच. माझे मामा पाणी बघायच्या आधी गेले.

दुसरी गोष्ट रोजगार हमी, आणि ही तर तुमच्या माझ्या पगाराच्या स्लिपवर आहे. तुम्ही नोकरी करत असाल तर बहुधा दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. कधी विचार केलाय का कशाला? १९७५ चा कायदा आहे, आणि तो आणला रोजगार हमीला पैसे पाहिजेत म्हणून. ७२ चा दुष्काळ पडला, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगावकडच्या विसापूरला आधीच प्रयोग सुरू केला होता, मागेल त्याला काम. मग १९७७ ला विधिमंडळाने त्याचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. भीक नाही, मदत नाही, हक्क. कलमात लिहिलेला. दिल्लीला हे सुचायला २००५ उजाडलं.

माझ्या आजीने ७२ ला खडी फोडलीय. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते नीट कधी आलंच नाही, जाडसर पिवळं शिंपल्यासारखं होतं, आम्ही पोरं ते बोटाने टोकरायचो आणि ती हात काढून घ्यायची. ती सांगायची सुकडी मिळायची, गोड लागायची, पण दुष्काळ संपल्यावर घरात कुणी सुकडीचं नाव काढायचं नाही. तेव्हाचं दुष्काळी काम मिळालं तर मिळालं, सरकारची मर्जी. नंतर तो हक्क झाला. या दोन्हीतला फरक आजीला सांगता आला नसता, पण वकिलाला सांगता येतो, आणि असे लोक तेव्हा त्या सभागृहात बसले होते म्हणून तो कायदा झाला. एकट्या आबांनी केला असं मी म्हणणार नाही, ते फॉरवर्डवाल्यांचं काम. पण अशा कायद्याचं सभागृहात काय होतं ते समजणारे आणि गावात परत येऊन तो वापरून दाखवणारे आमदार लागतात. पुढे १९९० ला त्याच रोजगार हमीतून फळबाग योजना निघाली, आणि आमच्या उघड्याबोडक्या माळावर डाळिंब आलं. ज्या हाताने खडी फोडली त्या घरात छाटणीच्या कात्र्या आल्या. नंतर तेल्या रोगाने बागाच्या बागा खाल्ल्या ती वेगळी रडकथा, ती पुन्हा कधीतरी.

ज्युनिअरला हे सगळं मी एवढ्या शिस्तीत सांगितलं नाही अर्थात. व्हीटीला चालत जाताना जमेल तसं, मध्ये सिग्नल, मध्ये वडापाव. त्याने फार प्रॅक्टिकल शंका काढली, "सर पण आमदार झाल्यावर वकिलीची सनद ठेवता येते का?" येते. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आमदार-खासदार हे काही पगारी नोकर नव्हेत, त्यांना वकिली करायला बंदी नाही. त्याला जरा बरं वाटलं. मग म्हणाला, "पण सर वेळ कुठे मिळणार?" मी म्हटलं बघ, आकाशवाणी आमदार निवास मंत्रालयाशेजारीच आहे, अधिवेशन चालू असताना एकदा सकाळी सातला जाऊन ये. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो. लहानपणी मी आण्णांबरोबर गेलोय तिथे, आमच्या चुलत्याला टाटा हॉस्पिटलला दाखवायचं होतं, गावाकडची माणसं आमदारांच्या खोलीवर उतरायची. कुणाची खोली होती तेही आठवत नाही, पण जमिनीवर सतरंज्या, त्यावर ओळीने माणसं, कोपऱ्यात पिशव्या, एक जण दाढी करतोय, एकाच्या हातात एक्स-रेचा लिफाफा, एकाच्या हातात बदलीचा अर्ज, आणि एक जण टेबलावर बसून पत्रं लिहितोय, एकामागून एक, मान वर न करता. सांगोल्याच्या ओट्यावर मी पुढे तेच बघितलं. फक्त इथे खिडकीतून समुद्राचा वास येत होता.

आता १९९५.

आण्णा बेस्टमध्ये कंडक्टर होते. राहायला कुर्ल्यात, पण मतदान गावाला, त्यांच्या पिढीच्या बहुतेकांचं तसंच होतं. आमच्या आसपास सांगोल्या-आटपाडीची पाच-सहा घरं. दर निवडणुकीला चारदोन जण जायचे. त्या वर्षी आण्णांचं जायचं ठरलं होतं, रजा पण मिळाली होती, आणि आदल्या दिवशी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आबा येत्यातच. एका मतानं काय व्हतंय." आणि ती रजा त्यांनी घरात माळा साफ करण्यात घालवली.

आबा १९२ मतांनी पडले.

आण्णांनी निकाल पेपरात वाचला. मी समोर बसलो होतो, एकोणीस वर्षांचा, मला काही विशेष वाटलं नाही, राज्यात सरकार बदललं होतं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. आण्णा पेपर घडी करून म्हणाले, "एकशे ब्याण्णव म्हंजे किती रं?" मला कळेना काय विचारतायत. मग त्यांनीच सांगितलं, कंडक्टरचा हिशेब, "चार यष्ट्या. भरून चार यष्ट्या." नंतर कित्येक वर्षं, कुणी म्हणालं की अमुक पडला, तमुक निवडून आला, की आण्णा आधी विचारायचे किती मतांनी, आणि मग मनातल्या मनात यष्ट्या मोजायचे.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये निवडणूक लागली तेव्हा त्यांनी मला पण ओढलं, तुझं नाव बी यादीत हाय म्हणून. गणपती तोंडावर, नेहरूनगर डेपोत ही गर्दी, रिझर्व्हेशन मिळालं नाही. गाडीत कशीबशी जागा मिळाली ती एकच, पुढे, वर पत्र्यावर विधानसभा सदस्यांसाठी राखीव असं रंगवलेलं. आण्णा बसले, मी दांड्याला धरून उभा. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्याने आण्णांकडे बघितलं, वरच्या अक्षरांकडे बघितलं आणि म्हणाला, "पावनं, वाटंत आमदार चढलं तर उठाय लागंल बरं का."

आण्णा सुट्टे मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "उठतो की. त्येंनाच परत बसवाय निघालोय."